दुखणं दिसलं पाहिजे

मायाच्या दुखण्याला गावानं पहिलं नाव दिलं ते कामचोरीचं.

तेल्हाऱ्याच्या पलीकडचं, खारपाणपट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी इतकं खारट की चूळ भरली तरी जीभ चरचरावी. माणसं तहान मारूनच जगायला शिकलेली. मायाचे वडील किसनराव तेलगोटे ग्रामपंचायतीचे नळ सोडायचे आणि आई इंदूबाई लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. माया थोरली, तिच्या पाठचा सुगत. सुगत ठणठणीत होता. माया मात्र शाळेत जायला लागली तेव्हापासून मधूनच अंथरूण धरायची. हाडं दुखायची. खेळून दमल्यावर दुखतात तशी नव्हे, आतून कोणी सांडशीनं धरून पिळावीत तशी. तीन-चार दिवस कण्हायची आणि मग काही झालंच नाही अशी उठून हिंडायला लागायची. हेच तिच्या अंगाशी आलं. ताप असता तर कपाळाला हात लावून कळला असता, जखम असती तर रक्त दिसलं असतं. हिचं काय, काल लोळत होती आणि आज लंगडी खेळून राहिली.

"वेचणी सुरू झाली का बरोबर दुखते इचं," शेजारची लीलाबाई म्हणायची. "तुही पोट्टी लय हुशार आहे, इंदू."

लीलाबाईचा हिशोब बरोबर होता, अर्थ चुकीचा होता. वेचणीचे दिवस थंडीचे, आणि मायाचं दुखणं थंडीनंच उसळायचं. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक? इंदूबाई शेजारणीसमोर हसून वेळ मारून न्यायची आणि घरात येऊन लेकीचे पाय कोमट तेलानं चोळायची. चोळता चोळता तिच्याही मनात पाल चुकचुकायची, की खरंच दुखत असेल का हिला?

माया नववीत असताना शाळेत आरोग्य खात्याचं पथक आलं. पोरांच्या बोटाला टोचून रक्त घेऊन गेलं. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मायाच्या नावाचं कार्ड आलं. त्यावर आजाराचं नाव होतं, सिकलसेल. ते घेऊन आलेल्या पथकातल्या बाईंनी वर्गासमोर समजावून सांगितलं, की हा आजार आई आणि बाप दोघांच्या रक्तातून उतरतो, रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांमध्ये अडकून बसतात, म्हणून लग्न जुळवताना आजाराचं सांगा आणि मुलाचं रक्त तपासून घ्या. एवढं सांगून बाई जीपमध्ये बसल्या. दुखलं तर काय करायचं, हे सांगायचं राहून गेलं. मायानंही विचारलं नाही. आपल्या दुखण्याला नाव आहे आणि ते सरकारनं छापून दिलं आहे, याचाच तिला इतका आनंद झाला की ती धावत घरी गेली.

"पाह्य माय, मी नाटक नव्हती करत."

इंदूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "मंग याचं औषध काय व?"

ते कार्डावर नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात गेलं तर गोळ्या मिळायच्या, कधी संपलेल्या असायच्या. लीलाबाईनं आजाराचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "असे इंग्रजी रोग आपल्यात नसतात. शाळेत जाऊन जाऊन होते हे."

तरी माया शिकली. दुखण्यातून उरलेल्या दिवसांत अभ्यास करून बी.ए. झाली. मग धामणगाव रेल्वे या गावचं स्थळ आलं. मुलगा बँकेत शिपाई, घर बरं. पोहे झाले, चहा आला, आणि मायानं स्वतःच आजाराचं सांगितलं. पथकातल्या बाईंनी सांगा म्हणून सांगितलं होतं ना. मुलाच्या बापानं कप खाली ठेवला. "आमाले बोलावण्याच्या आधी सांगाचं होतं," एवढंच म्हणून ते उठले. निघताना मुलाची आई मात्र इंदूबाईजवळ थांबली. तिला वाईट वाटलं होतं, आणि त्या वाईट वाटण्याच्या भरात तिनं अगदी मनापासून विचारलं, "पोरगी दिसाले तं चांगली आहे हो. सांगतलं काहून?"

त्या रात्री किसनराव जेवले नाहीत. इंदूबाई म्हणाली, "आता पुढच्या टायमाले गप राय." पुढची वेळ मायानंच येऊ दिली नाही. ती अमरावतीला निघून गेली.

अमरावतीच्या भर बाजारात साड्यांचं एक तीन मजली दुकान होतं. तिथं तिला काम मिळालं. त्याच दुकानातल्या दामिनीबरोबर तिनं गाडगेनगरात खोली घेतली. काम अवघड नव्हतं. साड्या उलगडायच्या, खांद्यावर टाकून दाखवायच्या, पुन्हा घड्या घालायच्या. अवघड होतं ते उभं राहणं. मजल्यावर पोरींनी बसायचं नाही, हा दुकानाचा कायदा. गिऱ्हाईक नसलं तरी उभं राहायचं. बसलेली पोरगी दिसली की दुकान मंदीत आल्यासारखं वाटतं, असं शेठचं मत होतं. पोरींचा संडास मागच्या गल्लीत होता आणि त्याची किल्ली मजल्याचा मॅनेजर चंदनभाऊ याच्या खिशात. किल्ली मागायची ती सगळ्यांदेखत, आणि परत आलं की "झाली का महाराणीची सैर?" हे ऐकून घ्यायचं. म्हणून पोरी पाणीच पीत नसत. मायाला डॉक्टरांनी सांगितलं होतं की भरपूर पाणी पी, थंडीत राहू नकोस, दमू नकोस. ती दिवसभर एसीच्या झोताखाली कोरड्या तोंडानं उभी असायची.

शेठ काही वाईट माणूस नव्हता. वडिलांच्या स्मृतिदिनी तो रक्तदान शिबिर भरवायचा. उन्हाळ्यात दुकानासमोर पाणपोई लावायचा आणि तिचे माठ या पोरीच भरायच्या.

इतक्या वर्षांत माया एक गोष्ट शिकली होती. दुखताना ओरडलं की लोक म्हणतात नाटक करते. गप्प राहिलं की म्हणतात, दुखत असतं तर अशी गप्प बसली असती का? दोन्हीकडून खोटंच पडायचं, तर तिनं गप्प बसणं निवडलं. त्यात निदान नोकरी टिकत होती. दुखायला लागलं की ती दात आवळायची आणि गिऱ्हाइकाकडे पाहून हसायची. आवळलेले दात आणि हसू यांतला फरक काउंटरच्या पलीकडून कळत नाही.

मे महिन्यातली गोष्ट. लग्नसराई जोरात होती. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत पोरींची बोटं गारठत होती. शेंदूरजनाघाटचं संत्र्याच्या व्यापारातलं एक मोठं घर लग्नाचा बस्ता काढायला आलं. नवरदेवाची आई पार्वताबाई गादीवर ठाण मांडून बसली आणि तिला माया आवडली. दुसरी पोरगी साडी दाखवायला आली की ती हात हलवून मायाकडे बोट करायची, "तू राहू दे बाई, ते दाखवते ते बरोबर."

दुपारी मायाच्या कमरेत पहिली कळ आली. तिला ती ओळखीची होती. अशी कळ आली की तासाभरात पाणी, ऊब आणि दवाखाना गाठावा लागायचा, नाहीतर ती अंगभर पसरायची. ती चंदनभाऊकडे गेली.

"भाऊ, मले जाऊ द्या. दुखणं सुरू झालं."

चंदननं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मनापासून पाहिलं, त्याला खरंच काही दिसलं नाही. "कुठं काय झालं? चांगली तं उभी आहे. पावणे तुह्यावर खुश आहेत, बस्ता होऊ दे, मंग जाय."

माया परत काउंटरवर आली. कमरेतली कळ खुब्यात उतरली, खुब्यातून मांडीत. ती साड्या उलगडत राहिली. शालू झाले, मानाच्या साड्या झाल्या, मग करवल्यांच्या निघाल्या, मग पार्वताबाईला पहिल्यांदा पाहिलेला मोरपंखी पुन्हा पाहावासा वाटला. तो ढिगाच्या तळाशी होता. माया वाकली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर अंधार आला. तिनं काउंटरची कड धरली, मोरपंखी काढला आणि खांद्यावर टाकून दाखवला.

"किती हसतमुख पोरगी आहे व," पार्वताबाई सगळ्यांना म्हणाली. "आमची सूनही अशीच निघो, बाप्पा."

बस्ता आटोपला तेव्हा दिवेलागण झाली होती. दामिनीनं तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता, पश्चिम महाराष्ट्रातला कुठला तरी, डोळ्यांखाली काळं आलेला. तोही बहुधा कालपासून झोपला नव्हता.

"दहापैकी किती दुखतंय?"

"दहा," माया म्हणाली.

त्यानं मान वर केली. "दहा म्हणजे काय माहीत आहे का? दहा दुखणारा माणूस असा शांत बसून बोलत नाही."

आता काय सांगावं? लहानपणापासून कमावलेलं गप्प बसणं एका मिनिटात कसं उतरवावं? तिनं मागच्या खेपेला ज्या इंजेक्शनानं दुखणं थांबलं होतं त्याचं नाव सांगितलं. तिला वाटलं, त्याचं काम सोपं होईल. तिथंच घात झाला.

"नाव पाठ आहे तुला?"

"सर, हे मागच्या महिन्यातही आलती," मागून नर्स म्हणाली. "अशा येतात. इंजेक्शनाची सवय लागते यायले."

"अहो डॉक्टरसाहेब, तिच्यापाशी कार्ड आहे सिकलसेलचं," दामिनी मध्ये पडली.

"कार्ड असतंच हो सगळ्यांकडे." त्यानं साधी सलाईन आणि तापाला देतात तसली गोळी लिहिली. खाट रिकामी नव्हती, म्हणून मायाला व्हरांड्यातल्या बाकावर झोपवलं. बाकासमोर एक बंद दार होतं, त्याला कुलूप, आणि वर पाटी, 'सिकलसेल उपचार कक्ष'. खिडकीच्या फुटक्या काचेतून आत मोडके कूलर आणि उभ्या करून ठेवलेल्या खाटा दिसत होत्या. दामिनी किल्ली विचारायला गेली, तर किल्ली ज्याच्याकडे होती तो बाबू लग्नाला गेलेला.

बाकावर पडल्या पडल्या मायाच्या मनात आलं की आता ओरडावं. लाज सोडावी, सगळा व्हरांडा गोळा होईल असं ओरडावं. तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. इतक्या वर्षांची सवय घशात बसली होती. तेवढ्यात मोटरसायकलवरून पडलेल्या एका माणसाला लोकांनी उचलून आणलं. डोकं फुटलेलं, शर्ट लाल झालेला. डॉक्टर धावला, नर्स धावली, स्ट्रेचर आलं, शेजारच्या बाकांवरच्या बायका उठून "अगं माय, अगं माय" करू लागल्या. माया त्या रक्ताकडे पाहत होती. तिला त्या माणसाचा हेवा वाटला. मग त्या हेव्याची तिला इतकी शरम वाटली की तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या दुखण्यातून ती उठली, पण उजवा पाय पूर्वीसारखा राहिला नाही. दामिनीला कोणीतरी सांगितलं होतं की सिकलसेलवाल्यांना दिव्यांगाचा दाखला मिळतो, कायद्यातच आहे तसं. दाखला असला तर बसू देण्यावाचून शेठला इलाज राहणार नाही. दोघी सुट्टी काढून दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी मायाला हात वर करायला लावले, वाकायला लावलं, भिंतीपर्यंत चालवून परत आणलं.

"अहो, चांगल्या धडधाकट आहात की," त्यांतले वयस्कर डॉक्टर कौतुकानं म्हणाले. "कशाला हा शिक्का लावून घेता? खऱ्या गरजूंना मिळू द्या."

पुढच्या हिवाळ्यात पाय टाकला की खुब्यात करकर वाजायला लागलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. रक्त न पोचल्यानं खुब्याचं हाड आतून मेलं होतं. "इतकी वर्षं काय करत होतीस?" ते रागावून म्हणाले. "लवकर यायला काय झालं होतं?"

"आली होती साहेब," माया म्हणाली. डॉक्टर फोटो उजेडात धरून पाहत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

ती काठी घेऊन लंगडत चालायला लागली आणि जग एकाएकी दयाळू झालं. एसटीत माणसं उठून जागा देऊ लागली. ऑटोवाला हात धरून उतरवू लागला. मंडळानं दाखला दिला, तिला भिंतीपर्यंत चालवायचीही गरज पडली नाही, दारातून आत येतानाच त्यांचं काम झालं. गंमत अशी, की लंगडण्याचा त्रास त्या जुन्या कळांच्या पासंगालाही पुरत नव्हता. कळा अजूनही यायच्याच. पण दुखत नसलेल्या दिवशीही लोक हळहळायचे, आणि कळ आलेल्या दिवशी फक्त काठीकडे पाहायचे.

ती गावी गेली तेव्हा लीलाबाई वाटीत वांग्याची भाजी घेऊन आली आणि पदर डोळ्यांना लावून बसली. "सोन्यासारख्या पोरीचं कसं झालं व हे."

इंदूबाईला राहवलं नाही. "लीला, पाय आता गेला. दुखून तं ते लहानपणापासून रायलं होतं."

"पण तवा दिसत कुठं होतं व माय?"

असाच प्रश्न इंदूबाईनं तेल चोळताना स्वतःलाही विचारला होता. तिनं भाजी पातेल्यात काढून वाटी विसळून परत दिली.

दुकानात त्या वर्षीच्या रक्तदान शिबिराला शेठनं मायासाठी एक स्टूल आणलं. गादीचं, लाल रंगाचं. चंदनभाऊनं ते स्वतः उचलून मजल्यावर ठेवलं. पेपरवाल्याला बोलावलं होतं. शेठ माइकवर म्हणाला, "आमच्या परिवारातल्या या दिव्यांग भगिनीच्या पाठीशी आम्ही उभे आहोत." बोलताना त्याचा गळा दाटून आला. खोटा नव्हता तो, खराच दाटून आला होता. माया स्टुलावर बसली, फोटो निघाला, पोरींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्या साऱ्याजणी पायांवर उभ्या होत्या आणि किल्ली अजून चंदनच्याच खिशात होती. दामिनी तेवढी टाळ्या न वाजवता साडीची घडी घालत राहिली.

दिवाळीच्या आधी दुकानात आरती नावाची नवी पोरगी लागली. बडनेऱ्याहून यायची. फार बोलायची नाही, गिऱ्हाईक आलं की तेवढं गोड हसायची. एका दुपारी मायाला दिसलं की आरती काउंटरची कड धरून उभी आहे. बोटांची पेरं पांढरी पडली होती, ओठ कोरडे, आणि चेहऱ्यावर हसू तसंच. जेवायच्या सुट्टीत विचारू, असं तिनं मनाशी म्हटलं. सुट्टीत गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या दिवशी मायाचाच खुबा ठणकत होता, तिला कोणाशी बोलावंसं वाटलं नाही. आरतीनं मध्ये एकदा लवकर घरी जायचं विचारलं, चंदन नाही म्हणाला, ती परत जागेवर येऊन उभी राहिली. माया ते स्टुलावरून पाहत होती. तिच्या तोंडाशी आलं होतं, की ये, घडीभर बस इथं. पण स्टूल तिच्या नावाचं होतं, पेपरात फोटो आला होता, आणि चंदन समोर उभा होता.

मग आरती यायची बंद झाली.

"काय झालतं तिले?" मायानं चंदनला विचारलं.

"काय होते? काईच नाई. आजकालच्या पोट्ट्यांले काम नाई पायजे. चांगली तं होती दिसाले."

मायानं दामिनीला विचारलं, मग वरच्या मजल्यावरच्या पोरींना. फोन नंबर कोणाकडे नव्हता. बडनेऱ्यात कुठं राहते ते कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना इतकंच आठवत होतं, की पोरगी शांत होती, तिचा कोणाला त्रास नव्हता.

संध्याकाळी गर्दी ओसरली. माया बसल्या जागेवरून मजल्यावरच्या पोरींकडे एकेक करून पाहू लागली. कोणी घड्या घालत होती, कोणी गिऱ्हाइकाला पदर दाखवत होती. त्यांतल्या कोणाचं काय दुखत असेल, हे ती चेहऱ्यांवर शोधत राहिली. सारं आयुष्य दुखण्यात काढून तिलाही ते ओळखता येईना.